खालची टाकी

चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच.
काच दहा एमएमची.
मी आठ म्हणत होतो, पण इम्तियाज काचवाला हसला,
"पाण्याचं वजन तुला ठाऊक न्हाई, फिटर,"
आणि त्यानं हिरा ओढला.
कर्रर्र. तेवढ्या आवाजात
एका काचेच्या दोन झाल्या.

उद्यमबागेत एकतीस वर्षं
मी पंपांची कव्हरं घासली.
हजारो गेले हाताखालून.
एकातूनही पाणी जाताना पाहिलं नाही.

सिलिकॉनचा आंबट वास तीन दिवस घरात.
वत्सला म्हणाली, चिंच नासल्यासारखं वाटतंय.
वरच्या टाकीला कोपऱ्यात एक काळी पट्टी,
कंगव्यासारखी दातेरी.
तिथून पाणी सांडतं, पाईपनं खाली उतरतं,
कपाटात.
कपाटाला कल्लाप्पा सुतारानं अशी दारं बसवली
की फटसुद्धा दिसू नये.

आत खालची टाकी, तीन कप्प्यांची.
पहिल्यात स्पंज.
दुसऱ्यात खानापूरची कौलं, हातोडीनं फोडलेली,
सात पाण्यांनी धुतली तरी लालच उतरत होती.
तिसऱ्यात पंप. विकतचा, चिनी.
बोलू नका कुणी.

पाणी राकसकोपचं,
चौथ्या दिवशी रात्री अडीचला येणारं.
भरलं, दिवा लावला, आणि सहा आठवडे
नुसतं फिरू दिलं.
कौलांच्या भोकांत काहीतरी वस्तीला यायचं होतं,
डोळ्यांना न दिसणारं,
मासे त्याच्यानंतर.
शेजारचे यायचे, वाकून बघायचे.
"काय करालाईस रे? मासे कुठं हाईत?"
"येतील की."
वत्सला बिल भरून आली आणि म्हणाली,
रिकाम्या पाण्याला फिरवायचे एवढे पैसे.

मग एका रात्री करंट गेला.
पंप थांबला, आणि वर चढवलेलं पाणी
आल्या वाटेनंच उलटं निघालं,
खालची टाकी भरली, कपाट भरलं,
कल्लाप्पाच्या दारांखालून
हॉलभर पसरलं.
वरच्या पाईपला एक बारीक भोक पाडायचं असतं,
हवा शिरून धार तुटावी म्हणून.
मला ते ठाऊक होतं.
एकतीस वर्षांचा फिटर, आणि विसरलो.

वत्सला घोटाभर पाण्यात उभी होती.
काही बोलली नाही.
गॅसवर गोधडीचं दाभण लाल केलं,
सांडशीत धरून आणलं, विचारलं,
"कुठं?"
मी पाण्याच्या रेषेखाली पाव इंच बोट ठेवलं.
चर्रर्र. प्लास्टिक जळाल्याचा वास.
आता करंट गेला की
गुळूक, असा एक घोट ऐकू येतो
आणि पाणी जागच्या जागी थांबतं.

मासे आले. बारा.
पाहुणे आले, म्हणाले, मशीन कुठाय?
एवढं नितळ, नि आवाज नाही कसला.
मी कपाटाकडे बघितलं नाही.
सांगायचं मनात नव्हतं, की होतं, कोण जाणे.

पिल्लंही झाली. बहुतेक मोठ्यांनीच खाल्ली.
हिरेमठांचा धाकटा एका दुपारी
दारं उघडून आत डोकं घालून बसलेला,
ओरडला, "केळग वंद ऐती!"
खाली एक आहे.
कंगव्याच्या दातांतून निसटलेलं, नखाएवढं,
अंधारात राहून रंगच न धरलेलं,
पंपाच्या ओढीकडे पाठ करून
जागेवर पोहत होतं.

मी जाळी घेतली, वर सोडायला.
वत्सलेनं मनगट धरलं.
"वर काय हाय त्याला? बारा तोंडं."

अजून ठरलेलं नाही.
रात्री अडीचला नळ वाजतो, मी उठतो,
पिंप भरेस्तोवर कपाट उघडून टॉर्च मारतो.
ते पळत नाही.
दाण्यांची डबी मी वरच ठेवतो नेहमी,
काचेशेजारी.
हल्ली ती सकाळी खालच्या फळीवर सापडते,
झाकण नीट न लावलेली.